सरहद्दीचं राखणदार घराणं : कथेमागचे खरे पर्सी

काल्पनिक राज्यांच्या कथांत एक घराणं हटकून भेटतं. राजधानीपासून लांब, भांडणातल्या सीमेवर त्यांचा गड असतो, पलीकडच्यांशी पिढीजात वैर असतं आणि राजापुढेही मान ताठ असते. अशी घराणी युरोपात खरोखर होती. सीमेवरच्या मुलखाला तिथे ‘मार्च’ म्हणत. ‘मार्क्विस’ हा किताब त्यावरूनच आला. (1746 साली सावंतवाडीकरांचा हळर्णचा किल्ला घेतलेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉयला पुढे ‘आलोर्नाचा मार्क्विस’ हाच किताब मिळाला.)

यातलं मला सर्वांत जिवंत वाटणारं उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेचे पर्सी. इंग्लंड-स्कॉटलंडची सीमा 1237 च्या यॉर्क तहाने कागदावर ठरली होती. पण 1296 मध्ये पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडवर स्वारी केली आणि पुढची तीनशे वर्षं हा मुलूख धुमसत राहिला. एकट्या बेरिक शहराने दहाहून अधिक वेळा धनी बदलला. 1309 साली हेन्री पर्सीने डरॅमच्या बिशपकडून ॲनिकचा किल्ला विकत घेतला आणि घराणं सीमेवर रुजलं. 1377 मध्ये त्यांना नॉर्थम्बरलँडची अर्लकी, म्हणजे ‘अर्ल’ हा सरदारी किताब, मिळाली.

सीमेला स्वतःचा कायदा होता. 1249 मध्ये दोन्हीकडच्या बारा-बारा सरदारांनी बसून तो नोंदवला. पुढच्या काळात गुरं पळवून नेली, तर धन्याला शिकारी कुत्रे घेऊन, शिंग फुंकत आणि भाल्याच्या टोकावर जळतं पीट (दलदलीतली जळाऊ माती) धरून सीमेपार पाठलाग करता येई. ते जळतं ढेकूळ सांगे, की हा उघड, कायदेशीर पाठलाग आहे. यावर देखरेख वॉर्डनची, म्हणजे राजाने नेमलेल्या सीमेच्या अधिकाऱ्याची, आणि वॉर्डनला राजाच्या पैशावर फौज बाळगता येई. पर्सींचं बळ इथे होतं. राजाला त्यांची धास्ती वाटायची तीही यामुळेच.

थोरल्या अर्लचा मुलगा हेन्री सदा घोड्याला टाच मारायच्या तयारीत असे, म्हणून त्याला ‘हॉटस्पर’ म्हणत. लंडनच्या टॉटनहॅम फुटबॉल क्लबच्या नावात तो अजून आहे. 1388 मध्ये ऑटरबर्नच्या रात्रीच्या लढाईत स्कॉटिश सेनानी डग्लस पडला, पण लढाई स्कॉटांनी जिंकली आणि हॉटस्पर कैद झाला. 1402 मध्ये होमिल्डन हिलवर त्याने उट्टं काढलं. त्या डग्लसच्या गादीवरचा नवा अर्ल त्याच्या हाती सापडला. चौथ्या हेन्रीने कैदी मागितले. या राजाला 1399 साली गादीवर बसवण्यात पर्सींचाच हात होता, शिवाय सीमेच्या फौजेचा खर्च थकलेला. हॉटस्परने डग्लसला सोपवायला साफ नकार दिला. 21 जुलै 1403 ला श्रूजबरीत तो राजाविरुद्ध लढला, आणि त्याच्या बाजूने लढत होता तोच डग्लस! हॉटस्पर मारला गेला. तो जिवंत असल्याच्या वावड्या उठल्या, तेव्हा पुरलेलं प्रेत उकरून लोकांना दाखवावं लागलं.

तरी 1416 मध्ये पाचव्या हेन्रीने हॉटस्परच्याच मुलाला अर्लकी परत दिली. उत्तरेत पर्सींवाचून भागत नव्हतं. राणी एलिझाबेथविरुद्धच्या 1569 च्या बंडानंतर सातव्या अर्लचं 1572 मध्ये यॉर्कला शिर उडवलं गेलं. 1603 मध्ये दोन्ही देशांच्या गादीवर एकच राजा आला आणि राखायला सीमाच उरली नाही. ॲनिकच्या तटावर मात्र दगडी शिपाई अजून उभे आहेत, आणि पर्सींचे वंशज आजही त्या किल्ल्यात राहतात.