बोक्याच्या कानावरचा रक्ताचा थेंब

आमचा बोका मन्या 12 वर्षांचा झाला त्या वर्षी त्याच्या लिटरमधले, म्हणजे शी-शूच्या रेतीतले, ओले गोळे मोठे होऊ लागले. एरवी मुठीत मावायचे, ते ओंजळीत मावेनात. पाण्याचं भांडं दुपारीच तळाला जायचं. खाणं वाढलं होतं, तरी पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागायचे. वय झालंय, असं म्हणत आम्ही तीन-चार आठवडे काढले. मग एक दिवस खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारताना तो खाली पडला. उठून चालायला लागला तेव्हा दिसलं, की त्याचे मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकताहेत. मांजर एरवी चवड्यांवर चालतं. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने पायांच्या नसा दुखावल्या की चाल अशी बसते.

ही सगळी मधुमेहाची लक्षणं, एकाच धाग्यातली. रक्तातली साखर एका मर्यादेपर्यंत मूत्रपिंडं परत शोषून घेतात. मांजरात ही मर्यादा साधारण 250 ते 290 मिलिग्रॅम प्रति डेसीलीटर असते. त्यापुढची साखर लघवीत उतरते आणि जाताना सोबत पाणी ओढून नेते. म्हणजे आधी लघवी वाढते आणि तहान तिच्या मागून येते. इकडे पेशींना साखर मिळत नसल्याने शरीर स्नायू आणि चरबी जाळत सुटतं, म्हणून जनावर खा-खा करतं आणि तरी वाळतं. म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड वाढल्यावरही भूक वाढून वजन उतरतं आणि किडनीच्या आजारातही तहान वाढते, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून निदान करू नये.

एकाच वेळच्या रक्ततपासणीवरही विसंबू नये. पिंजऱ्यात घालून दवाखान्यात नेलेल्या, घाबरलेल्या मांजराची साखर निव्वळ भीतीने 300 च्या वर जाऊ शकते. म्हणून पशुवैद्य लघवीतली साखर बघतात आणि फ्रुक्टोसामाइन तपासायला सांगतात. रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेल्या साखरेवरून मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी त्यात कळते. कालपरवाच्या घाबरगुंडीचा त्यावर परिणाम होत नाही.

मांजराचा मधुमेह माणसाच्या टाइप 2 मधुमेहाशी विलक्षण मिळताजुळता आहे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, साखर पेशींत पोहोचवणाऱ्या इन्शुलिनसोबत, अमायलिन नावाचं आणखी एक संप्रेरक सोडतात. माणसात आणि मांजरात हे अमायलिन गुंता होऊन बीटा पेशींच्या आसपास साठू शकतं आणि त्या पेशींचा जीव घेतं. कुत्र्यांमध्ये सहसा असं होत नाही. त्यात वाढलेलं वजन इन्शुलिनला दाद लागू देत नाही. नसबंदी झालेले, घरात बसून जाड झालेले, वयस्क बोके यात पुढे असतात. दुसऱ्या आजारासाठी दिलेली स्टिरॉइड्सही मधुमेह उघडा पाडतात. आणि साखर सतत चढी राहिली की ती स्वतःच उरलेल्या बीटा पेशींना मलूल करते. यातल्या काही पेशी मेलेल्या नसतात, फक्त दबलेल्या असतात. हा शेवटचा मुद्दा ध्यानात राहू द्या, कारण पुढचं बरंच काही त्यावर अवलंबून आहे.

आता खाण्याकडे वळू. मांजर हाडाचं मांसाहारी. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारं अमायलेज नाही. जेवणानंतर आलेली साखर झटपट ताब्यात घेणारं ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्या यकृतात अगदी नाममात्र आहे. प्रथिनांपासून साखर बनवण्याचं काम मात्र त्याचं यकृत रात्रंदिवस करत असतं. अशा शरीराला कर्बोदकांनी भरलेले कोरडे दाणे दिले, तर रक्तातली साखर हळूहळू चढते आणि बराच वेळ उतरत नाही. म्हणून मधुमेही मांजराला भरपूर प्रथिनं आणि कमी कर्बोदकं असलेलं, शक्यतो ओलं खाणं देतात. जाड मांजराचं वजन उतरवायचं, पण आठवड्याला साधारण एक टक्का या बेताने. उपाशी ठेवायचं तर मुळीच नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस खायचं थांबलं तरी यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. इन्शुलिन सुरू होऊन महिना झाला होता. कर्बोदकं वाईट, एवढं वाचून मी एका फटक्यात सगळं ड्राय फूड बंद करून वेट फूड सुरू केलं आणि डॉक्टरांना कळवलं नाही. खाण्यातली कर्बोदकं घटली, इन्शुलिनचा डोस मात्र तोच राहिला. चौथ्या दिवशी संध्याकाळी मन्या भिंतीला घासत, झिंगल्यासारखा आला. बाहुल्या मोठ्या झालेल्या, आवाज अनोळखी. साखरेच्या मीटरवर फक्त 41. बोटावर मध घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळला, थोडा थोडा, पुन्हा पुन्हा. तोंडात ओतायचा नाही, शुद्ध हरपत असलेल्या मांजराच्या फुफ्फुसात तो जातो. दहा मिनिटांनी त्याने मान उचलली आणि तसंच त्याला उचलून आम्ही दवाखाना गाठला. साखर चढी राहिल्याने होणारं नुकसान आठवड्यां-महिन्यांचं असतं. साखर फार उतरली तर तासाभरात झटके येतात आणि जीव जातो. म्हणून खाणं बदलायचं असेल तर डोस कसा कमी करायचा, हे आधी विचारून घ्या.

इंजेक्शनची भीती मात्र तीन दिवसांत जाते. बहुतेक मांजरांना दर 12 तासांनी एक डोस असतो आणि सुरुवात साधारण एका युनिटने किंवा त्याहून कमीने होते. खाताना पाठीवरच्या कातडीची चिमूट वर घ्यायची, तिचा छोटा तंबू होतो, त्यात बारीक सुई. मन्या तर खाण्यातून तोंडही काढायचा नाही. खरी चूक होते ती सिरिंजमध्ये. काही इन्शुलिनच्या एका मिलिलीटरमध्ये 40 युनिट असतात, काहींच्या 100, आणि सिरिंजेसही त्या त्या मापाच्या. 100 चं इन्शुलिन 40 च्या सिरिंजने घेतलं तर एका युनिटच्या खुणेवर अडीच युनिट जातात. जीव जायला एवढंही पुरतं. सुई केसांतून आरपार गेली आणि औषध बाहेर सांडलं अशी शंका आली, तरी दुसऱ्यांदा टोचू नका. एक डोस चुकला तर बिघडत नाही, दोनदा गेला तर बिघडतं. आणि मांजराने खाल्लं नाही तर नेहमीचा डोस द्यायचा की नाही, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन फ्रीजला चिकटवून ठेवा.

साखर घरी तपासायला कान वापरतात. कानाच्या काठावरून एक बारीक शीर जाते, उजेडात धरलं की दिसते. कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं मिनिटभर कानाला लावायचं, मागे कापसाचा बोळा धरायचा आणि शिरेच्या अगदी कडेला टोचायचं. मोहरीएवढा थेंब वर येतो. पट्टी त्याला टेकवली की ती तो ओढून घेते. मग कापूस दाबून धरायचा, नाहीतर कानाला जांभळा डाग पडतो. पहिल्या आठवड्यात माझे हात त्याच्या कानापेक्षा जास्त थरथरायचे. मीटर शक्यतो प्राण्यांसाठीचाच घ्या. मांजराच्या रक्तात साखर रक्तद्रव आणि तांबड्या पेशी यांत वेगळ्या प्रमाणात विभागलेली असते, त्यामुळे माणसांचा मीटर सहसा खरा आकडा कमी दाखवतो. दिवसभर दर दोन तासांनी मोजून काढलेल्या आलेखावरून इन्शुलिन कधी भिनतं, साखर किती खाली जाते आणि परिणाम किती टिकतो, हे कळतं. तळाचा आकडा साधारण 80 ते 150 मध्ये असावा. सकाळचा एकच चढा आकडा पाहून मनाने डोस वाढवणं, हा सर्वांत महाग पडणारा उतावीळपणा.

डोस वाढवत गेलो तरी साखर हटत नाही, असंही होतं. दातांचं दुखणं आणि लघवीतला जंतुसंसर्ग आधी शोधावा. मधुमेह आटोक्यात नसतानाही मांजराचं वजन वाढत असेल, तर मेंदूतल्या पीयूष ग्रंथीच्या गाठीतून वाढीचं संप्रेरक जास्त येत असू शकतं. इंग्लंडच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2015 मध्ये 1,221 मधुमेही मांजरांच्या अभ्यासात त्याची खूण रक्तात बघितली, तेव्हा सुमारे चौघांत एकाला ती सापडली. खाणं थांबलं, उलट्या सुरू झाल्या, मांजर मलूल झालं आणि श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येऊ लागला, तर ते किटोअॅसिडोसिस, म्हणजे चरबी जळून रक्तात आम्ल साठण्याची जीवघेणी अवस्था, असू शकतं. सकाळपर्यंत थांबू नका.

अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही गोळी आणि 2023 मध्ये वेलाग्लिफ्लोझिन हे द्रवरूप औषध मांजरांसाठी मंजूर झालं. मूत्रपिंडांतून साखर बाहेर जाऊ द्यायची, असं त्यांचं काम. सुया नकोत म्हणून ती आकर्षक वाटतात, पण ज्यांना आधी इन्शुलिन दिलेलं नाही आणि जी बाकी धडधाकट आहेत, अशाच मांजरांसाठी ती आहेत. शिवाय या औषधांवर साखर नॉर्मल दिसत असतानाही किटोअॅसिडोसिस होऊ शकतो.

आता त्या दबलेल्या बीटा पेशींबद्दल. पहिल्या काही महिन्यांत साखर नीट आटोक्यात आली तर त्या पुन्हा काम करू लागतात आणि बऱ्याच मांजरांचं इन्शुलिन काही काळ किंवा कायमचं सुटतं. ही वेळ आली तर डोस कमी करणं लांबवू नका, जुना डोस तेव्हा जास्त ठरतो. मन्याचा डोस पाचव्या महिन्यात अर्ध्या युनिटवर आला आणि सातव्यात डॉक्टरांनी तो बंद केला. आता तो पुन्हा कट्ट्यावर उडी मारतो, मागचा उजवा पाय थोडा घसरतो तेवढंच. खाणं तेच आहे, पाण्याच्या भांड्यावर खूण करून ठेवली आहे आणि दर रविवारी सकाळी, वजन करून झालं की, मी त्याचा कान उजेडात धरते.