अफगाण उंटवाले (ऑस्ट्रेलिया)

१८६० ते १९२० च्या सुमारास उंटांचे तांडे घेऊन ऑस्ट्रेलियात आलेले, बहुतेक मुसलमान असलेले मजूर आणि व्यापारी. एकूण किती आले याचे अंदाज दोन ते चार हजार असे आहेत, पण बरेच जण करार संपला की परत जायचे आणि काही पुन्हा यायचे, त्यामुळे नक्की आकडा धरू नये.

हे लोक मुळात कुठले, हा वादाचा मुद्दा आहे. सरकारी कागदांत सरसकट ‘अफगाण’ लिहिलंय, जुने लेखकही तेच धरून चालतात, पण त्यात पठाण होते तसे बलुची, सिंधी, पंजाबी, काश्मिरीही होते, आणि बरेचसे जहाजात बसले ते कराचीला, जी तेव्हा मुंबई इलाख्यात होती. जून १८६० मध्ये उंटांचा व्यापारी जॉर्ज लँडेल्सने मेलबर्नला २४ उंट उतरवले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेत जे चार उंटवाले होते त्यातला साम्ला तर हिंदू होता. मोहिमेच्या शिध्यात गोमांस, ते त्याला चालेना, म्हणून त्याने सुरुवातीलाच मोहीम सोडली. दुसरा, दोस्त महंमद, याचा हात उंटाच्या हल्ल्यात कायमचा निकामी झाला, त्याची कबर मेनिंडीला आहे. एवढं पाहिलं तर वायव्य हिंदुस्थानातलं मिश्र स्थलांतर असंच याला म्हणणं जास्त योग्य वाटतं. ब्रोकन हिल या खाणींच्या गावातल्या मशिदीत कित्येक वर्षं कुराण म्हणून जपलेला ग्रंथसुद्धा छापील बंगाली काव्याचा निघाला, म्हणजे या वस्त्यांचे धागे पार कलकत्त्यापर्यंत पोचतात.

खरा धंदा सुरू झाला १८६६ ला, जेव्हा थॉमस एल्डर या व्यापाऱ्याने कराचीहून शंभरावर उंट आणि एकतीसेक माणसं पोर्ट ऑगस्टाला आणली आणि बेल्टाना इथे उंटांची पैदास सुरू केली. तगडा नर उंट चारपाचशे किलो सहज उचलायचा आणि बैल-घोडे पाण्यावाचून जिथे मरायचे तिथे चालायचा. ॲडलेड-डार्विन तारायंत्राच्या लाइनीचं सामान (१८७०-७२), लोकरीचे गठ्ठे, कूलगार्डीच्या सोन्याच्या खाणींवरचं पाणी आणि पीठ, यातलं बरंचसं यांच्या उंटांच्या पाठीवरून गेलं. हे काम नसतं तर देशाचा मधला भाग गोऱ्यांना एवढ्या लवकर वापरताच आला नसता, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

ऑस्ट्रेलियातली पहिली मशीद दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारी गावाची, आणि ती १८६१ ची, असं काही ठिकाणी वाचायला मिळतं. पण मारी, तेव्हाचं हरगॉट स्प्रिंग्ज, गाव म्हणून आखलं गेलं १८८३ ला, तेव्हा १८८० च्या दशकातली ही तारीखच जास्त पटते. ब्रोकन हिलची कोणी १८८७ ची धरतं, कोणी १८९१ ची. ॲडलेडची मात्र १८८८-८९ ची, तिचे मिनार १९०३ चे. मारीत रेल्वेच्या एका बाजूला गोरे राहायचे, दुसऱ्या बाजूला उंटवाले आणि आदिवासी. मशीद मातीची, समोर वजूसाठी छोटं तळं, आणि आजूबाजूला यांनीच लावलेली खजुराची झाडं.

बायका आणायची मुभा जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे काहींनी आदिवासी किंवा गोऱ्या बायकांशी लग्नं केली. या बायकांबद्दल नोंदी फार कमी सापडतात.

१९०१ च्या स्थलांतर-निर्बंध कायद्यात अधिकारी निवडेल त्या युरोपीय भाषेतल्या पन्नास शब्दांच्या श्रुतलेखनाची परीक्षा आली, म्हणजे अधिकाऱ्याला नको असलेला माणूस आत येणं अशक्यच. १९०३ च्या कायद्याने आशियाई लोकांना नागरिकत्वही बंद झालं, ज्यांनी आयुष्य तिथे काढलं त्यांनासुद्धा, आणि हा सरळ अन्याय होता. मग मोटारी आल्या, धंदा बसला, दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९२५ ला मोकाट उंट मारायचा कायदा केला, तेव्हा पुष्कळांनी गोळी घालण्यापेक्षा आपली जनावरं वाळवंटात सोडून दिली. आजचे रानटी उंट त्यांचीच पिल्लावळ. या लोकांच्या नावावरून ओळखली जाणारी ‘घान’ रेल्वे १९२९ ला ॲलिस स्प्रिंग्जला पोचली आणि २००४ पासून डार्विनपर्यंत जाते. वंशज मारी, ब्रोकन हिल, ॲलिस स्प्रिंग्ज भागात आहेत, त्यातले बरेच स्वतःला आदिवासीही म्हणवतात.