शाळेतल्या सिस्टर आणि बंद मठातल्या सिस्टर, फरक नेमका कुठे आहे

वसईकडे वाढलेल्या माणसाला सिस्टर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शाळेत वर्गावर असतात, दवाखान्यात असतात, रविवारी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) झाल्यावर पोरांना धर्मशिक्षण देतात, स्टेशनबाहेर रिक्षाच्या लाईनीत आपल्यापुढे पिशवी घेऊन उभ्या असतात. त्यामुळे "काही सिस्टर मठाबाहेर येतच नाहीत" असं कोणी म्हटलं की लगेच प्रश्न येतो, का, शिक्षा झालीये का? नाहीतर मग थेट दुसरं टोक, म्हणजे त्या जास्त कडक, जास्त पवित्र असणार. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. शाळेत चांगलं काम केलं म्हणून कोणाला बंद मठात प्रमोशन मिळत नाही, मुलगी सुरुवातीलाच एक वाट धरते आणि दोन्ही वाटा शेवटपर्यंत वेगळ्याच चालतात.

सगळ्यात जास्त घोळ कार्मेल या नावाने होतो, हे एका जुन्या संन्यासी परंपरेचं नाव आहे आणि तिच्यात दोन्ही प्रकारच्या सिस्टर आहेत. गोव्यात नुवेंला कार्मेल कॉलेज आहे, १९६४ पासून, ते अपोस्टोलिक कार्मेलच्या सिस्टर चालवतात. या संस्थेची सुरुवात मदर वेरोनिका यांनी १८६८ ला फ्रान्समध्ये केली आणि १८७० ला सिस्टर मंगळूरला आल्या त्या मुलींना शिकवायलाच. आणि त्याच गोव्यात चिखलीला कार्मेलाइट मठ आहे तो बंद मठ, तिथल्या सिस्टर लेक्चर घेत नाहीत, शाळा चालवत नाहीत, कंपाउंडबाहेर दिसतही नाहीत. दोघींची आध्यात्मिक आई एकच, स्पेनमधल्या आविलाची संत तेरेजा, दोघी कार्मेल डोंगराच्या माउलीच्या म्हणजे मरियामातेच्या भक्त, पण दिवस बघितला तर कुठेही जुळत नाही.

शाळेतल्या सिस्टरचा दिवस आपल्याला अर्धा माहीत असतोच. पहाटे उठून प्रार्थना, ध्यान, मिस्सा, नाश्ता आणि मग शाळेची घंटा. संध्याकाळी परत प्रार्थना, रोझरी म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मधल्या वेळात पेपर तपासणं, होस्टेलची पोरं, कोणाच्या घरी आजारी माणूस असेल तर भेट. माझी आत्या अशीच सिस्टर आहे आणि परीक्षेच्या दिवसांत तिची संध्याकाळची प्रार्थना कधीकधी एकटीनेच उशिरा म्हणायची होते, त्याबद्दल तिला कोणी बोलत नाही कारण काम हाच तिच्या पाचारणाचा, म्हणजे देवाच्या बोलावण्याचा भाग आहे.

बंद मठात हे उलटं. तिथे प्रार्थना हेच काम, बाकी सगळं प्रार्थनेच्या मधल्या फटींत बसवायचं. पहाटेची प्रार्थना, मग सकाळच्या मधली, दुपारची, तिसऱ्या प्रहरची, संध्याकाळची, रात्री झोपायच्या आधीची, आणि वाचनाची एक वेगळी, अशा दिवसातून सात वेळा सगळ्या चॅपलमध्ये जमतात आणि दोन बाजूंना बसून आळीपाळीने स्तोत्रं म्हणतात, बायबलमधली स्तोत्रं जवळजवळ सगळी चार आठवड्यांत होतात आणि परत पहिल्यापासून सुरू. हे तुम्हीआम्ही म्हणतो तसं "वेळ मिळाला की" नाही, घंटा झाली की हातातली सुई तशीच ठेवून उठायचं. कार्मेलमध्ये यावर आणखी दोन तास मूक ध्यान असतं, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, पुस्तक जपमाळ काही नसलं तरी नुसतं देवासमोर बसायचं. दोन तास रोज! आपण दहा मिनिटं बसलो तर हात मोबाईलकडे जातो.

मिस्सा द्यायला फादर बाहेरून येतात. जेवण गप्प बसून, एक जण काहीतरी मोठ्याने वाचून दाखवते. कार्मेलच्या नियमात मांस नाही, आजारी असेल तर गोष्ट वेगळी, पण मासे चालतात, त्यामुळे किनाऱ्यावरच्या मुलीचं निम्मं दुःख तिथेच कमी होत असणार असं माझं आपलं मत. १४ सप्टेंबरच्या क्रूसाच्या सणापासून ईस्टरपर्यंत उपास धरायचा, तोही नियमातच आहे, म्हणजे आपल्याकडे लोक ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस मोजत बसतात तेव्हा यांचं अर्धं वर्ष चालू असतं.

आणि एक, मौनव्रत वगैरे त्यांनी घेतलेलं नसतं. दिवसभर कामाशिवाय बोलायचं नाही हे खरं, पण जेवणानंतर आणि रात्री असे दोन वेळा गप्पांचे तास ठरलेले असतात, त्यात शिवणकाम हातात घेऊन बसतात आणि चांगल्या हसतात खिदळतात. आविलाच्या तेरेजानेच हे घालून दिलं, तोंड पाडून बसलेले संत तिला नको होते. पोटापाण्यासाठी शिवण, भरतकाम, मेणबत्त्या, आणि जगभर अनेक बंद मठांत मिस्सासाठी लागणारी ओस्ती म्हणजे पातळ भाकर बनवतात, फक्त गहू आणि पाणी, दुसरं काही घालायची चर्चची परवानगीच नाही.

आता जो फरक बाहेरून दिसत नाही आणि मला स्वतःला सगळ्यात मोठा वाटतो तो सांगतो. शाळेतल्या सिस्टरची संस्था मोठी असते, वर प्रोव्हिन्शियल म्हणजे प्रांताची प्रमुख, तिच्या वर जनरल म्हणजे सगळ्या संस्थेची प्रमुख, तिकडून पत्र आलं की बदली, आत्या आधी नाशिककडे होती, मग घाटावर, आता परत खाली आलीये. बंद मठ मात्र सहसा स्वतंत्र असतो. आतल्या सिस्टर आपापसात मतदान करून आपली प्रमुख निवडतात, कार्मेलमध्ये तीन वर्षांसाठी, आणि बदली हा प्रकारच नाही. ज्या घरात गेलात त्याच घरात, त्याच बायकांबरोबर, बहुतेक मरेपर्यंत. भेटायला आलेल्यांच्या आणि सिस्टरांच्या मध्ये जी जाळी असते ती लोकांना भारी वाटते, मला वाटतं की त्याच पंधरावीस जणींबरोबर चाळीस वर्षं काढणं जाळीपेक्षा अवघड असेल. आविलाच्या तेरेजाने १५६२ ला पहिला मठ काढला तेव्हा मोजक्याच जणी ठेवल्या आणि नंतरही मठ २१ च्या वर जाऊ नये असा नियम केला, तिने आधी मोठ्या गर्दीच्या मठात वर्षं काढली होती त्यामुळे तिला माहीत होतं.

जाळीचं म्हणाल तर ती कोंडायला नाही, आतली जागा त्यांची एवढंच सांगायला आहे. दवाखाना, मतदान अशा कारणांना परवानगीने बाहेर पडतात. बाजार, बँक, पोस्ट बघायला काही मठांत बाहेरच्या कामाची एक दोन सिस्टर वेगळी असते. आणि आत यायला कोणी जबरदस्ती करू शकत नाही, उलट लवकर पक्कं करत नाहीत. २०१८ च्या रोमच्या नियमांप्रमाणे शेवटची व्रतं घ्यायच्या आधी किमान नऊ वर्षं आत काढावी लागतात, तोपर्यंत मुलगी परत घरी जाऊ शकते.

व्रतं दोघींची तीच, दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. पण सातबाऱ्याचा प्रश्न आला की फरक कळतो. शाळेतल्या सिस्टरने कायमची व्रतं घेतली तरी चर्चच्या कायद्याने बऱ्याच संस्थांत वाडीतला तिचा हिस्सा तिच्या नावावर राहू शकतो, फक्त तो वापरायचा किंवा विकायचा अधिकार तिच्या एकटीच्या हातात नसतो. बंद मठातली सिस्टर शेवटच्या व्रताआधी सगळंच सोडते, आणि ते शक्य तिथे देशाच्या कायद्यातही पक्कं व्हावं असं चर्च सांगतं. म्हणजे भाऊबंदकीत सह्या कोणाच्या लागणार हे आधीच मिटवून आत जायचं.

मजा म्हणजे एकेकाळी बाहेर काम करणारी सिस्टर ही कल्पनाच चर्चला पचत नव्हती. १२९८ ला पोप बोनिफास आठवे यांनी सगळ्या मठवासी स्त्रियांना बंद केलं, चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५६३ ला तेच घट्ट केलं. मेरी वॉर्डने १६०९ ला मुलींना शिकवणारी, बंद न राहणारी संस्था काढली तर १६३१ ला रोमने ती मोडली. फ्रान्समध्ये विन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक यांनी १६३३ ला युक्ती केली, आमच्या मुली मठवासी नाहीतच म्हणाले, व्रतं दरवर्षी नव्याने घ्यायची, आणि मग त्या बिनधास्त रस्त्यावर उतरून आजाऱ्यांकडे जायला लागल्या. शाळा दवाखाने चालवणाऱ्या सिस्टरांच्या संस्थांना पूर्ण मान्यता मिळाली ती थेट १९०० साली. म्हणजे आपल्याला नेहमीची वाटते ती नवी आणि विचित्र वाटते ती जुनी.

जुन्या गोव्यात हे दगडात बघायला मिळतं. सांता मोनिका, १६०६ ला सुरू झालेलं, १६२७ ला बांधून पुरं झालेलं ऑगस्टिनियन (संत ऑगस्टिनचा नियम पाळणाऱ्या) बायकांचं बंद कॉन्व्हेंट, लोक बासिलिका हे मोठं चर्च बघून बसमध्ये बसतात आणि हे राहून जातं. १८३४ ला पोर्तुगालने मठ बंद करायला घेतले, बायकांच्या मठांत नवीन मुली घ्यायला मनाई झाली आणि आतल्या होत्या त्या एकेक करून संपल्या. आज तिथे मातेर देई इन्स्टिट्यूट आहे, बाहेर काम करणाऱ्या सिस्टर तिथे शिकायला येतात.

दोन्ही वाटा एकमेकींच्या विरोधात आहेत असं मात्र समजू नका. फ्रान्समधल्या लिझ्यूची तेरेजा (आविलाची नव्हे, ही दुसरी) १८८८ ला पंधराव्या वर्षी कार्मेलमध्ये गेली, १८९७ ला चोविसाव्या वर्षी क्षयाने आतच गेली, आणि १९२७ ला पोपने तिला मिशनकार्याची आश्रयदाती केलं, समुद्र पालथे घातलेल्या फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी आपलं नाव घेतलं ते याच मठात बसलेल्या मुलीवरून. आणि त्याच मदरनी १९७६ ला आपल्या संस्थेत प्रार्थनेला वाहिलेली वेगळी शाखाही काढली.

तर व्यवहारात काय, शाळेतल्या सिस्टरना लग्नाची पत्रिका द्या, वरून परवानगी मिळाली तर येतील, जेवूनही जातील. बंद मठात पत्रिका देऊन आग्रह करू नका, त्यापेक्षा आजारपण, परीक्षा, नोकरी जे काय असेल ते चिठ्ठीत लिहून द्या, असल्या चिठ्ठ्या त्या मनापासून घेतात. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा, प्रार्थनेच्या मध्ये बेल वाजवलीत तर दार उघडेपर्यंत थांबावं लागेल आणि चिडून उपयोग नाही.