धुळीचं वजन आणि ८५८ कोटी

अर्थसंकल्प मांडून झाला की संसदेला काही आठवडे सुट्टी लागते आणि प्रत्येक खात्याच्या मागण्या स्थायी समितीपुढे जातात. खात्याचे सचिव हजर होतात आणि खासदार विचारतात, मागच्या पैशांचं काय केलंत? बैठक बंद दाराआड होते, अहवाल मात्र सर्वांसाठी खुला असतो. मार्च २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयावर आलेल्या अहवालातला एक आकडा थेट सोलापूरशी संबंधित होता. ‘प्रदूषण नियंत्रण’ योजनेसाठी २०२४-२५ मध्ये ८५८ कोटी रुपये ठेवले होते. २१ जानेवारीपर्यंत खर्च झाले ७ कोटी २२ लाख, म्हणजे शंभर रुपयांतले ८४ पैसे! योजना पुढे चालू ठेवायची मंजुरी अजून यायची आहे, असं मंत्रालयाचं उत्तर होतं.

सोलापूरचा संबंध असा. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या १३१ शहरांत आपण आहोत. दहा लाखांवरच्या शहरांना पैसे वित्त आयोगाच्या शिफारशीने मिळतात. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांवर थांबलं, म्हणून आपली वाट या ८५८ कोटींच्या योजनेतून जाते.

पण पैसे आले तरी ते कशावर जातात, हे जास्त महत्त्वाचं आहे. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने २०२४ मध्ये देशभरचा हिशेब मांडला. ६४ टक्के निधी रस्त्यावरच्या धुळीवर गेला होता, कारखान्यांच्या धुरावर ०.६१ टक्के. सोलापूरकराला यात वावगं वाटणार नाही. गड्ड्याच्या यात्रेतून घरी आल्यावर केसांतून माती झाडलेली माणसं आपण. धूळ हाच आपला शत्रू, असंच वाटतं.

हवा मोजायची जुनी पद्धत बघा. पंप हवा ओढतो, दहा मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण वेगळे काढले जातात आणि उरलेले काचतंतूच्या कागदावर साचतात. कागद आधी आणि नंतर तोलायचा. आठ-आठ तासांच्या पाळ्या, आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ नोंदी. यातून निघतो पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं हवेतलं प्रमाण. वर्षाची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी. शहराची प्रगती आणि पुढचा निधी ठरवताना याच आकड्यावर भर असतो.

आणि इथेच गोम आहे. हा काटा वजनाचा. कणाचा व्यास चौपट झाला की वजन चौसष्टपट होतं. दहा मायक्रॉनचा एक मातीचा कण झाडला, की अडीच मायक्रॉनचे ६४ कण हटवल्याइतकं वजन कागदावरून उतरतं. झाडणारं यंत्र फिरवणं हा आकडा खाली आणायचा सर्वांत सोपा मार्ग ठरतो. पाण्याचा टँकरही, जरी वैशाखात टँकर पुढे गेला की मागचा रस्ता लगेच वाळतो.

फुप्फुसाचा हिशेब मात्र उलटा आहे. जाड कण बहुतेक नाकात, घशात अडकतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. ते खाली बसायलाही वेळ घेतात. स्थिर हवेत त्यांचा पडण्याचा वेग दहा मायक्रॉनच्या कणाच्या सोळावा हिस्सा असतो. त्यातले बरेचसे जळण्यातून येतात: डिझेलचा धूर, पेटवलेला कचरा, उसाचं पाचट, कोळशा-लाकडावरचे बॉयलर. काही तर धुराड्यातून कण म्हणून निघतच नाहीत. गंधकाचा वायू हवेत गेल्यावर त्याचे सल्फेटचे कण बनतात. त्यांना झाडू लागू पडत नाही.

धूळ सोडून द्या, असं माझं म्हणणं नाही. खडबडीत रस्ते आणि उघडे बांधकामाचे ढीग आवरायलाच हवेत. पण निधी पीएम २.५ वर, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांवर ठरला असता, तर साफसफाईच्या यंत्राआधी बॉयलरच्या इंधनाचा प्रश्न निघाला असता.

तो विचारणार कोण? सोलापूर महापालिकेत मार्च २०२२ पासून काही वर्षं प्रशासकच होता, सभागृहात प्रश्न विचारायला नगरसेवक नव्हते. संसदेच्या स्थायी समितीच्या शिफारशी मंत्रालयाला बंधनकारक नसतात, मात्र त्यावर काय कारवाई केली हे मंत्रालयाला तीन महिन्यांत लेखी कळवावं लागतं. ही उत्तरंही पुढे अहवालात येतात, आणि ८५८ कोटींचा माग काढायला तीच उपयोगी पडतात.