वंशसंहारविरोधी जनदबाव

परक्या देशात चाललेला वंशसंहार थांबवण्यासाठी आपल्या सरकारने पाऊल उचलावे, असा नागरिक, धर्मसंस्था, पत्रकार वा मुत्सद्दी यांनी राज्यकर्त्यांकडे धरलेला आग्रह. पत्रे, सह्यांची निवेदने, शिष्टमंडळे, मोर्चे आणि संसदेतील ठराव ही त्याची नेहमीची साधने. मदतनिधी उभारणे हे याच्या जवळचे, पण वेगळे काम आहे. येथे मागणी राज्यसत्तेने आपले वजन खर्ची घालावे, ही असते.

संज्ञा : मराठीत नरसंहार, जनसंहार आणि वंशसंहार हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कायद्याच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे. एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गटाचा, तो गट आहे म्हणूनच, पूर्णतः वा अंशतः नाश करण्याचा हेतू असेल तरच त्या कृत्यांना वंशसंहार म्हणता येते. केवळ मृतांच्या संख्येवरून ते ठरत नाही. ‘जेनोसाइड’ ही मूळ पाश्चात्त्य संज्ञा पोलिश ज्यू कायदेपंडित राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ग्रीक व लॅटिन धातू जोडून घडवली. लेमकिन स्वतःच या प्रथेचे एक आद्य उदाहरण ठरतात. नात्यातली ४९ माणसे गमावलेला हा माणूस संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत प्रतिनिधींना गाठून वंशसंहारविरोधी कराराची गळ घालत असे. ९ डिसेंबर १९४८ रोजी आमसभेने तो करार संमत केला. १२ जानेवारी १९५१ पासून तो अमलात आला.

उगमाचा वाद : या प्रथेचा आरंभ कोठून धरावा, याबाबत एकमत नाही. एका मतानुसार तो १८७६ चा. ऑटोमन (तुर्की) साम्राज्याच्या अनियमित फौजांनी बल्गेरियातील उठाव चिरडताना बताक गावात भीषण कत्तल केली. अमेरिकी पत्रकार जॅन्युअरियस मॅकगॅहन यांची वार्तापत्रे लंडनच्या ‘डेली न्यूज’मध्ये आली, सप्टेंबरात माजी ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांची या कत्तलींवरील पुस्तिका निघाली आणि गावोगावच्या सभांनी तत्कालीन पंतप्रधान डिझरायली यांची तुर्कधार्जिणी भूमिका अडचणीत आणली. प्रत्यक्षदर्शी वृत्तांत, त्यावर उभा राहिलेला लोकक्षोभ आणि त्या क्षोभाने बांधले गेलेले सरकार हा पुढे वारंवार दिसणारा क्रम येथे पूर्णपणे आढळतो. आक्षेप असा की, बळी ख्रिस्ती होते आणि हळहळणारेही ख्रिस्तीच. त्यामुळे ही चळवळ धर्मबंधुत्वाची होती. दुसरे मत १९०४ मध्ये स्थापन झालेल्या काँगो सुधारणा संघाकडे बोट दाखवते. पत्रकार मोरेल आणि ब्रिटिश मुत्सद्दी केसमेंट यांच्या त्या मोहिमेनंतर १९०८ मध्ये काँगोवरचा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याचा खासगी अंमल संपला. मात्र तेथील अत्याचार वंशसंहाराच्या व्याख्येत बसतात का, हाच वादाचा मुद्दा आहे. तिसरे मत १९१५ च्या आर्मेनियन संहाराला आरंभबिंदू मानते. २४ मे १९१५ रोजी ब्रिटन, फ्रान्स व रशियाने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल ऑटोमन सरकारला संयुक्त इशारा दिला, तर जुलैत अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेंथाऊ यांनी वंशनाशाची मोहीम चालू असल्याची तार मायदेशी केली. पद्धत १८७६ ची आणि कायद्याचा आधार १९४८ चा, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

कायदेशीर बाजू : कराराच्या पहिल्या कलमात सदस्य राष्ट्रे वंशसंहार ‘रोखण्याची’ हमी देतात. या हमीचा अर्थ दीर्घकाळ धूसर राहिला. २६ फेब्रुवारी २००७ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने बोस्निया विरुद्ध सर्बिया खटल्यात तो उलगडला. गंभीर धोका आहे हे राष्ट्राला कळताच, किंवा कळायला हवे होते त्या क्षणी, कर्तव्य सुरू होते, आणि त्याची व्याप्ती त्या राष्ट्राच्या प्रभावक्षमतेवर ठरते. म्हणूनच नेते हा शब्द उच्चारायला कचरतात. शब्द मान्य केला की ‘मग तुम्ही काय केले?’ हा प्रश्न अटळ होतो. करार मान्य करवून घेण्यासाठीही असाच नेट लागला. अमेरिकेत विस्कॉन्सिनचे सेनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९६७ पासून सेनेटच्या कामकाजाच्या प्रत्येक दिवशी त्यावर भाषण करण्याचा नेम धरला. १९८६ मध्ये सेनेटने मंजुरी दिली तोवर ३,२११ भाषणे झाली होती.

विलंब : दबाव परिणामकारक ठरला तरी वेळेवर ठरतोच असे नाही. पोलिश भूमिगत चळवळीचे दूत यान कार्स्की यांनी नाझींनी ज्यूंना डांबलेल्या वॉर्सा घेट्टोत शिरून पाहिलेली हकिकत २८ जुलै १९४३ रोजी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कानावर घातली. ऑक्टोबरात सुमारे ४०० रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) वॉशिंग्टनमध्ये मोर्चा काढला. ज्यूंच्या बचावासाठीचे अमेरिकी सरकारचे युद्ध-निर्वासित मंडळ मात्र २२ जानेवारी १९४४ रोजी स्थापन झाले. तोपर्यंत बहुसंख्य बळी मारले गेले होते.

रवांडाचे उदाहरण याहून बोचरे आहे. एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली (रवांडा सरकारचा आकडा दहा लाखांहून अधिक). २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने तेथील शांतिसेना वाढवण्याऐवजी २७० जणांपर्यंत घटवण्याचे ठरवले. १३ मे रोजी अमेरिकी सेनेटर पॉल सायमन व जिम जेफर्ड्स यांनी किगालीतील शांतिसेनेचे सेनापती रोमेओ दालेर यांच्याशी दूरध्वनीवर बोलून राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना तातडीचे पत्र पाठवले. काहीच हालले नाही. प्रत्येक लोकप्रतिनिधीला मतदारसंघातून शंभर पत्रे आली असती तरी धोरण बदलले असते, असे सायमन नंतर म्हणाले. शंभर हा आकडा किती लहान आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९७१ चे पूर्व बंगाल : ६ एप्रिल १९७१ रोजी ढाक्यातील अमेरिकी वकिलातीतून आर्चर ब्लड यांनी सहकाऱ्यांचे, पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांबाबत स्वतःच्याच सरकारने पाळलेल्या मौनाचा निषेध करणारे पत्रक वॉशिंग्टनला धाडले. त्याचे फळ म्हणून ब्लड यांना त्या पदावरून हलवण्यात आले. जयप्रकाश नारायण यांनी त्याच वर्षी अनेक देशांच्या राजधान्यांत जाऊन राज्यकर्त्यांची मने वळवण्याचा प्रयत्न केला आणि सप्टेंबरात दिल्लीत आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. पाश्चात्त्य ग्रंथांत या दौऱ्याला मिळालेली जागा अगदीच तोकडी आहे.

दार्फुर आणि टीका : सुदानच्या दार्फुर प्रदेशातील हत्या थांबवण्यासाठी २००४ मध्ये अमेरिकेत ‘सेव्ह दार्फुर’ ही आघाडी उभी राहिली. जुलैत काँग्रेसने व ९ सप्टेंबरला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी तेथील प्रकाराला वंशसंहार म्हटले; म्हणजे शब्द मिळाला, पण त्यातून नवी कृती करण्याचे बंधन येत नाही, असेही पॉवेल यांनी लगेच सांगितले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने जानेवारी २००५ मध्ये सरकारी धोरणात तसा हेतू आढळत नसल्याचे नोंदवले, मात्र गुन्हे तितकेच गंभीर असू शकतात असे बजावले. अभ्यासक महमूद ममदानी यांच्या मते या चळवळीने गुंतागुंतीचा राजकीय संघर्ष सोपा करून मांडला. दुसरे अभ्यासक ॲलन कुपरमन यांचा आक्षेप वेगळा आहे : बाहेरून मदत येईल या आशेने दुबळे गट उठाव करतात आणि संहार ओढवून घेतात. पहिला आक्षेप वजनदार आहे. दुसरा सर्व प्रसंगांना लागू करता येत नाही, कारण ज्यू वा म्यानमारमधील रोहिंग्यांसारख्या समूहांवरील संहाराचे मूळ परकीय मदतीच्या आशेत शोधता येत नाही.

न्यायालयीन वळण : पश्चिम आफ्रिकेतील गांबियाचे तत्कालीन न्यायमंत्री अबुबकर तांबादू यांनी पूर्वी रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात काम केले होते. २०१८ मध्ये बांगलादेशातील कॉक्स बझार येथील छावणीत रोहिंग्यांच्या हकिकती ऐकताना त्यांना रवांडाच्या खटल्यांतल्या साक्षी आठवल्या. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी गांबियाने म्यानमारविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला आणि २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने म्यानमारला रोहिंग्यांच्या रक्षणासाठी अंतरिम आदेश दिले.