व्हेंडेस

व्हेंडेस (शास्त्रीय नाव कोरेगोनस अल्बुला) हा सॅमन व ट्राउट यांच्या सॅल्मोनिडी कुलातील, थंड आणि खोल तळ्यांत थव्याने राहणारा लहान मासा आहे. लिनीअसने १७५८ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. फिनलंड, स्वीडन, वायव्य रशिया, बाल्टिक देश, पोलंड आणि उत्तर जर्मनी हा त्याचा मुख्य प्रदेश होय.

लांबी बहुधा १५ ते २० सेंमी., पाठ निळसर हिरवी आणि कुशी चंदेरी असते. प्रथमदर्शनी तो बाजारातल्या तारलीसारखा वाटतो. मात्र पाठीवरच्या परामागे, शेपटीजवळ, काटे नसलेला एक इवलासा मांसल पर असतो व त्यावरून त्याचे कूळ ओळखता येते. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असतो, कारण त्याचे अन्न तळाशी नसून उघड्या पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणिप्लवक असते.

कोल्हापूरकरांच्या ओळखीचे रोहू, कटला, मरळ आणि तिलापिया हे सारे कोमट पाण्यातले मासे. रंकाळा किंवा कळंबा तलावाचे पाणी भर थंडीतही गोठणबिंदूच्या जवळपास जात नाही, त्यामुळे व्हेंडेस तेथे तग धरणे अशक्यच. उत्तरेकडील तळ्यांत उन्हाळ्यात वरचा थर तापून हलका होतो आणि खालच्या जड, गार पाण्यात मिसळत नाही; व्हेंडेस दिवसा या खालच्या थरात राहतो आणि अंधार पडल्यावर प्लवकांच्या मागे वर येतो. हिवाळ्याच्या तोंडाशी मादी खडीच्या तळावर अंडी घालते, ती थंडीभर तशीच राहतात आणि वसंतात बर्फ वितळण्याच्या सुमारास पिले बाहेर पडतात.

या माशाचा खरा शत्रू जाळे नव्हे, तर सांडपाणी व खते यांमुळे होणारे सुपोषण, म्हणजे पाण्यात पोषकद्रव्ये बेसुमार वाढणे, होय. रंकाळ्याचे पाणी हिरवे पडते ते ज्या कारणाने, त्याच कारणाने तिकडेही शेवाळ माजते; ते मरून तळाशी कुजताना तेथील ऑक्सिजन संपतो आणि वर ऊन पाणी, खाली प्राणवायू नसलेले पाणी, अशा कोंडीत मासा सापडतो. गाळाने खडी झाकली की अंडीही गुदमरतात. शिवाय बाहेरून आणून सोडलेला रफ हा मासा ती खातो. ब्रिटनमध्ये हा मासा मूळचा अवघ्या चार तळ्यांतला. त्यांपैकी स्कॉटलंडमधील दोन्ही ठिकाणांहून तो विसाव्या शतकात नाहीसा झाला. इंग्लंडमधील बॅसेन्थ्वेट तळ्यातूनही २००१ च्या सुमारास तो नामशेष मानला गेला होता, परंतु २०१३ मध्ये तेथे एक मासा सापडला. तत्पूर्वी, १९९० च्या दशकातच, तेथील अंड्यांपासूनची पैदास स्कॉटलंडच्या डोंगराळ लॉख स्कीन तळ्यात सोडण्यात आली होती आणि ती तेथे चांगली रुजली. चौथ्या, इंग्लंडमधील डर्वेंटवॉटर तळ्यात, मूळची संख्या टिकून आहे.

फिनलंडमध्ये मात्र तो रोजच्या खाण्यातला मासा आहे. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर बर्फाला भोके पाडून खालून जाळी ओढतात, आणि पकडलेले मासे राय धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात, काट्यांसकट तळतात. स्वीडनच्या कालिक्स किनाऱ्यावरील निमखाऱ्या पाण्यातल्या व्हेंडेसच्या केशरी गाभोळीला २०१० मध्ये युरोपीय संघाचे उत्पत्तिस्थान-संरक्षण मिळाले.