बॅकअप पद्धत (छोट्या कार्यालयातील संगणकासाठी)

बॅकअप पद्धत : मूळ माहिती नष्ट झाली किंवा बिघडली तर ती पुन्हा उभी करता यावी, यासाठी वेगळ्या माध्यमावर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप. ही प्रत कशावर, किती वेळाने घ्यायची आणि तिच्या किती पिढ्या राखायच्या, याची ठरवलेली रीत म्हणजे बॅकअप पद्धत होय. एक-दोन संगणकांच्या कार्यालयात माध्यमाची चर्चा भरपूर होते, पिढ्यांची जवळजवळ होत नाही. बिघडलेली फाइल आठवडाभराने लक्षात आली आणि हाताशी फक्त काल रात्रीची प्रत असली, तर त्या प्रतीतही बिघडलेलीच फाइल असते.

पिढ्यांचा उगम : चुंबकीय फितीवरील नोंदी सहसा जागच्या जागी बदलत नसत. जुनी मुख्य फीत आणि व्यवहारांची फीत वाचून नवी मुख्य फीत लिहिली जाई. ताजी फीत मुलगा, तिच्या आधीची बाप, त्याआधीची आजोबा. मुलगा खराब निघाला तर बाप आणि व्यवहारांची फीत पुन्हा चालवून तो तयार करता येई. या रीतीचे नेमके साल देता येत नाही. चुंबकीय फीत वापरणारा युनिव्हॅक-१ संगणक (१९५१) आणि आयबीएम ७२६ हे फीत-यंत्र (१९५२) यांच्यानंतरची ती असावी. १९६० च्या दशकातील आयबीएमच्या ओएस/३६० या संगणक चालवणाऱ्या प्रणालीत फाइलींच्या पिढ्या सांभाळण्याची सोयच होती. वैयक्तिक संगणकांना टेप-ड्राइव्ह (फीत-यंत्रे) जोडले जाऊ लागल्यावर ही पद्धत आली, असेही मानले जाते. पण ते दैनिक-साप्ताहिक-मासिक या फेरपालटीपुरते (म्हणजे त्याच फिती ठरावीक क्रमाने पुन्हा वापरण्यापुरते) खरे धरावे. मूळ कल्पना हिशेबाच्या फितींचीच दिसते.

फ्रेंच गणिती एदुआर लूकास यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हनोईच्या मनोऱ्याच्या कोड्यावरूनही एक फेरपालट बेतलेली आहे. तीत फितींचा किंवा डिस्कचा पहिला संच एक दिवसाआड, दुसरा दर चौथ्या दिवशी, तिसरा दर आठव्या दिवशी वापरतात. थोड्या संचांत बरेच मागे जाता येते, पण आज कोणता संच लावायचा हे माणसाला लक्षात ठेवणे जड जाते. छोट्या कार्यालयाला तीन पिढ्यांची साधी रीतच अधिक सोयीची.

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत जागेबाहेर, या ‘३-२-१’ नियमाचे श्रेय अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांना दिले जाते. त्यांच्या पुस्तकाच्या २००५ आणि २००९ अशा दोन आवृत्त्या असल्याने नियमाचा काळ त्या सुमाराचा धरणे बरे. एक प्रत इमारतीबाहेर ठेवण्याची प्रथा त्याहून जुनी आहे. ती तीन आकड्यांत बसवणे हे क्रोग यांचे काम.

प्रकार : पूर्ण बॅकअपमध्ये सर्व फाइली येतात. वाढीव बॅकअपमध्ये मागच्या कोणत्याही बॅकअपनंतर बदललेल्या फाइली येतात, तर फरकाच्या बॅकअपमध्ये मागच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेल्या सगळ्या. रविवारी पूर्ण आणि पुढे रोज रात्री बॅकअप असेल आणि गुरुवारी सकाळी डिस्क गेली, तर फरकाच्या रीतीत रविवारची व बुधवारची अशा दोनच प्रती लागतात. वाढीव रीतीत रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार या चारही लागतात आणि मधली एक वाचता आली नाही तरी साखळी तुटते. रोजचा वेळ वाचवायचा की परत आणण्याच्या दिवशीचा, हा इथला खरा प्रश्न आहे. माहिती थोडी असेल तर परत आणण्याचा वेळ वाचवणारा, म्हणजे फरकाचा, पर्याय घ्यावा.

डॉस आणि विंडोजमध्ये फाइल बदलली की तिची ‘आर्काइव्ह’ खूण चढते. या खुणेवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पूर्ण आणि वाढीव बॅकअप ती उतरवतात, फरकाचा बॅकअप ती तशीच ठेवतो. यातून एक घोटाळा संभवतो. बुधवारी कोणी हौसेने दुसऱ्या डिस्कवर वेगळा पूर्ण बॅकअप घेतला, तर सगळ्या खुणा उतरतात. त्या रात्रीच्या फरकाच्या प्रतीत सोमवार-मंगळवारचे बदल येत नाहीत आणि पडद्यावर कोणताही दोष दिसत नाही. अशा वेळी खुणेला हात न लावणारा ‘कॉपी’ प्रकार वापरावा.

उघड्या फाइली : हिशेबाचा प्रोग्रॅम चालू असताना त्याची डेटाफाइल नुसती कॉपी केली, तर अर्धी जुनी, अर्धी नवी प्रत मिळू शकते. विंडोज एक्सपीपासूनची शॅडो कॉपी सेवा डिस्कची एका क्षणाची स्थिती धरून ठेवते, त्यामुळे ही अडचण बरीच कमी होते. मात्र ती स्थिती त्याच संगणकावर असते. मे २०१७ मधील वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने फाइली कुलूपबंद करताना शॅडो कॉपीही पुसल्या. जोडून ठेवलेली बाह्य डिस्कही अशा प्रोग्रॅमच्या आवाक्यात असते. म्हणून दोन डिस्क आलटून-पालटून लावाव्यात आणि एक नेहमी काढून ठेवलेली असावी.

तीच माहिती एकाच वेळी दोन डिस्कवर लिहिणारी रेड मांडणी एक डिस्क बिघडली तरी काम चालू ठेवते, पण चुकून पुसलेली फाइल तिच्या दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी जाते.

पडताळणी : जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कंपनीत चालू डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा प्रोग्रॅमच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे तिचे नेहमीचे बॅकअप मुळात तयारच होत नव्हते, असे उघड झाले. सुमारे सहा तासांची माहिती गेली. काही महिन्यांतून एकदा एखादा फोल्डर दुसऱ्या संगणकावर परत आणून उघडून पाहणे हा पद्धतीचाच भाग समजावा.

क्लाउड (इंटरनेटवरून वापरायची साठवण) : जागेबाहेरची प्रत आपोआप होते, हा मोठा लाभ. ५०० जीबी माहिती सेकंदाला १० मेगाबिट वेगाने चढवायला साडेचार दिवसांहून अधिक लागतात. नंतर फक्त बदल जातात. नुसते सिंक करणारी, म्हणजे दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवणारी, सेवा पुसलेली फाइल तिकडेही पुसते, म्हणून जुन्या आवृत्त्या किती दिवस राखल्या जातात ते आधी पाहावे.